'सेट'चे अर्थ चारशेच्या वर, तरी कुणी अडखळत का नाही?

तुम्ही विचारलंय: "इंग्रजीतल्या 'सेट' या शब्दाला म्हणे चारशेच्या वर अर्थ आहेत. हे खरं का? खरं असेल तर इंग्रजी बोलणाऱ्यांचा गोंधळ कसा होत नाही? आणि मराठीत असा एखादा शब्द आहे का?"

आकडा खरा आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली २० खंडांत निघाली. तीत 'सेट' या क्रियापदाचे ४३०हून जास्त अर्थ नोंदवलेले आहेत आणि ती एकटी नोंद साधारण ६०,००० शब्दांची आहे. म्हणजे मी आता लिहितेय तेवढी तीस उत्तरं, फक्त एका तीन अक्षरी शब्दावर. गिनीज बुकातही बरीच वर्षं हाच शब्द मिरवत होता.

पण तो मान आता गेला. कोशाची तिसरी आवृत्ती करायला घेतली तेव्हा त्यांनी 'ए'पासून नाही, 'एम'पासून सुरुवात केली. त्यामुळे २००० साली 'मेक'ची नोंद 'सेट'पेक्षा लांब झाली, २००७ साली 'पुट'ची, आणि २०११ साली 'रन' सगळ्यांच्या पुढे गेला. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांनी त्या एका शब्दावर नऊ महिने घालवले. नदी, नळ, घोडा, इंजिन, कारखाना, निवडणूक, मोज्याचा सुटलेला टाका, कॉम्प्युटरचा प्रोग्राम, सगळं इंग्रजीत 'रन' होतं. यंत्रं आली तसा हा शब्द फुगत गेला. 'सेट'ची नोंद जुनी आहे, तिचं नव्याने संपादन झालं की आकडा पुन्हा हलेल.

तरी या आकड्याला मी फार भाव देत नाही. अर्थ म्हणजे काही पोत्यातले बटाटे नाहीत, की ओतले आणि मोजले. एक कोशकार 'गजर सेट करणे' आणि 'सापळा सेट करणे' यांचे दोन अर्थ धरेल, दुसरा म्हणेल एकच. ऑक्सफर्डवाले बारीक चिरणारे. शिवाय तीनशे वर्षांपूर्वी मेलेले अर्थ, खलाशांची बोली, 'सेट अप', 'सेट ऑफ'सारखी जोडक्रियापदं, सगळं त्या नोंदीत कोंबलेलं आहे. खिशात मावणारा कोश उघडलात तर हाच शब्द पंधरा-वीस अर्थांत आटोपतो. जगात हिंडायला तेवढे पुरतात.

आता गोंधळाचं. मी पोटापाण्यासाठी भाषांतर करते, इंग्रजीतून मराठीत. बहुतेक वेळा उपकरणांची माहितीपुस्तकं, ॲपवरची बटणं वगैरे. त्यामुळे हा शब्द मला आठवड्यातून दोनदा तरी भेटतो. एकदा त्याने माझी चांगली फजिती केली.

मायक्रोवेव्हच्या पॅनेलचं काम होतं. असलं काम एक्सेलमध्ये येतं: डाव्या रकान्यात इंग्रजी, उजवा रिकामा. वाक्यं नसतातच, सुटे शब्द. स्टार्ट, स्टॉप, क्लिअर, सेट. आमच्याकडच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्वी केलेली सगळी भाषांतरं साठवलेली असतात आणि तोच शब्द पुन्हा आला की ते आपणहून जुना प्रतिशब्द भरतं, वर 'शंभर टक्के जुळणी' असा हिरवा शिक्का मारतं. महिनाभर आधी मी काचेच्या भांड्यांचा कॅटलॉग केला होता. त्यात सहा ग्लासांचा 'सेट' होता, त्याचा मी 'संच' केला होता. मायक्रोवेव्हच्या ओळीत तो 'संच' येऊन बसला, मी हिरवा शिक्का बघितला आणि पुढच्या ओळीवर गेले.

तीन आठवड्यांनी व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. काळं पॅनेल, त्यावर ओळीने तीन बटणं: 'सुरू', 'थांबवा', 'संच'. खाली ग्राहक कंपनीतल्या बाईंचा एकच प्रश्न: "मॅडम, कसला संच?"

त्या फोटोत तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. 'सेट' वाक्यात असतो तेव्हा इंग्रज माणूस अडखळत नाही, आणि आपणही नाही. तो एकटा, बटणावर, आगापिछा नसताना उभा राहतो तेव्हा मात्र सगळे अडखळतात, शंभर टक्के खात्री असलेलं सॉफ्टवेअरसुद्धा. अर्थ शब्दाच्या पोटात जेवढा असतो त्याहून जास्त त्याच्या शेजारपाजारात असतो. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो, तसं. दह्याशेजारी 'सेट' आला की तो विरजणाचा. सिमेंटशेजारी आला की घट्ट होण्याचा. सोनाराच्या दुकानात गळ्यातलं आणि कानातलं मिळून 'सेट'. कॉमेंटरीत बॅट्समन 'सेट झालाय' म्हटलं की त्याचा जम बसलाय, तो आता सहज बाद व्हायचा नाही. टेनिसमध्ये सामन्याचा एक भाग, गोरेगावला चित्रनगरीत खोटा वाडा, आणि नेट-सेटची तयारी करणाऱ्या एमए झालेल्या मुलाला विचाराल तर प्राध्यापकीची परीक्षा; ती पुणे विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोव्यासाठी घेतं आणि तिथला 'सेट' तर तीन आद्याक्षरांचा आहे, मूळ शब्दाशी त्याचं नातंच नाही. यातल्या एकाही ठिकाणी तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत.

हे आपल्याकडे कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. संस्कृत व्याकरणकार भर्तृहरीने 'वाक्यपदीय' या ग्रंथाच्या दुसऱ्या कांडात यादीच दिली आहे: एका शब्दाचे अनेक अर्थ असतील तर नेमका कोणता घ्यायचा हे कशाकशावरून ठरतं. संयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण (म्हणजे चालू प्रसंग), शेजारी असलेला दुसरा शब्द, औचित्य, देश, काल, अगदी उच्चारातला स्वरसुद्धा. लक्ष्मणाबरोबर आलेला राम दशरथाचा, दुसरा कुठला नाही, हे साहचर्य. शंखचक्रासकट आलेला हरी म्हणजे विष्णू, माकड किंवा सिंह नाही, हा संयोग. आणि प्रकरणाचं उदाहरण तर संस्कृत शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असतं: 'सैंधव आण'. सैंधव म्हणजे सिंधू देशचं. ते मीठही असतं आणि घोडाही. मालक ताटावर बसलेला असेल तर मीठ आणायचं, प्रवासाला निघालेला असेल तर घोडा. (मराठीने यातला घोडा कधीच सोडून दिला. आपल्याकडे सैंधव उरलं ते फक्त उपासाच्या डब्यात, शेंदेलोण म्हणून.) मायक्रोवेव्हच्या बटणावर मी ताटाशेजारी घोडा आणून बांधला होता, एवढंच.

मग इतके अर्थ आलेच कुठून? दोन गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे 'सेट' हा मुळात एक शब्द नाही, दोन आहेत. क्रियापद जुन्या इंग्रजीतलं, 'सिट'चं प्रयोजक रूप: बसणे, बसवणे. संस्कृतातला 'सद्' हा धातू त्याचा सख्खा भाऊ. सदन, संसद, परिषद, सदस्य, उपनिषद, ही सगळी त्याच घरातली मंडळी. 'प्रसन्न'सुद्धा, गढूळ पाणी खाली बसून नितळ होतं ते मूळचं प्रसन्न. दुसरा 'सेट', म्हणजे संच, कंपू, टोळकं, हा मात्र लॅटिन 'सेक्टा'वरून फ्रेंचमार्गे आलेला. त्याचं मूळ 'मागोमाग जाणे' या अर्थाच्या धातूत, म्हणजे एकामागून चालणारे अनुयायी. आणि त्या लॅटिन धातूचा संस्कृत भाऊ 'सच्', सोबत असणे, त्यावरून आपला 'सचिव', मूळचा अर्थ सोबती. दोन ओढे वेगवेगळ्या डोंगरांवरून आले, स्पेलिंग सारखं पडलं आणि पाणी मिसळलं. आता कोणता थेंब कुठला हे इंग्रजांनाही सगळीकडे सांगता येत नाही. एका 'सेट'मागे संसद आणि दुसऱ्यामागे सचिव उभे आहेत, हे मला कळलं तेव्हा मी दिवसभर दिसेल त्याला सांगत सुटले होते. घरच्यांनी फार सोसलं.

दुसरं कारण साधं आहे. जी गोष्ट रोज हाताशी असते तिच्यावर कामं वाढतात. ओट्यावरच्या सुरीने आपण भाजी चिरतो, दुधाची पिशवी फोडतो, डब्याचं झाकण उचकटतो आणि कधी स्क्रूही पिळतो. खाटकाचा सुरा यातलं काही करत नाही. शब्दांचंही तेच. झिफ नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९४५ साली हेच मोजून दाखवलं की जो शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त. म्हणून हे विक्रम 'सेट', 'पुट', 'मेक', 'रन' अशा चिल्लर शब्दांच्या नावावर असतात. भारदस्त शब्द एकेका अर्थावर आयुष्य काढतात.

मराठीतला तुमचा शब्द यावरून ओळखता येईल. रोजचा, चिल्लर, कुणाच्या लक्षातही न येणारा.

माझं मत 'लागणे'ला. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, थेटरात सिनेमा लागतो, दिवेलागणीला दिवे लागतात, वाटेत नदी लागते, ऊन लागतं, दही लागतं, दूध पातेल्याला लागतं आणि मग घरभर वास. पैसे लागतात, वेळ लागतो, मन लागत नाही. 'जावं लागतं' म्हटलं की सक्ती, 'रडू लागला' म्हटलं की सुरुवात. न्यू जर्सीत वाढलेला माझा भाचा सुट्टीत आला होता, त्याला एका लग्नात कुणीतरी सांगितलं, "हे तुझे मामा लागतात." पोरगं घाबरून त्यांच्याकडे बघत म्हणालं, "कुठे लागलं?" त्याचं काय चुकलं? मोल्सवर्थने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला, १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती आली. त्यात 'लागणे' उघडून बघा, त्या साहेबाला या शब्दाने किती दमवलं असेल ते कळेल.

पण 'सेट'चा खरा मराठी जोडीदार 'लागणे' नाही, त्याचं प्रयोजक 'लावणे', आणि त्याच्याबरोबर 'बसवणे'. हे मला कोशातून नाही, त्या मायक्रोवेव्हमुळे कळलं. चूक दुरुस्त करायची म्हणून मी एका कागदावर 'सेट'ची इंग्रजी वाक्यं लिहून काढली आणि पुढे मराठी क्रियापद लिहीत गेले. गजर? लावतात. आग, सापळा? लावतात. कवितेला चाल? लावतात. केसांना वळण? लावतात. दुसऱ्या बाजूला, अंगठीत हिरा? बसवतात. निखळलेलं हाड? बसवतात. कामाची घडी? बसवतात. जुन्या इंग्रजीत 'सेट' म्हणजे 'बसवणे' आणि मराठीत हाडवैद्य आजही हाड 'बसवतो' हे पाहून मला जरा भरूनच आलं. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तोच शब्द त्याच कामाला जुंपला होता.

अर्थात, जोडी सगळीकडे जमत नाही. सूर्य इंग्रजीत 'सेट' होतो, आपल्याकडे मावळतो. परीक्षेचा पेपर ते 'सेट' करतात, आपण काढतो. कंपासपेटीतला 'सेट स्क्वेअर' हा तर गुण्या, त्यात ना बसणं ना लागणं. उलट आपण दार लावतो, कुकर लावतो, जीव लावतो, वाट लावतो, तिथे इंग्रजी 'सेट' कामाचा नाही.

आणि काही ठिकाणी तर सरळ खड्डा आहे. शेजारचे एक काका, जमिनीच्या वादात वर्षानुवर्षं अडकलेले. वरच्या कोर्टाचा निकाल इंग्रजीत आला. वकिलाचा फोन लागेना म्हणून त्यांनी मोबाइलवर भाषांतर केलं आणि संध्याकाळी तोंड पाडून आमच्याकडे आले. "बघ गं, खालच्या कोर्टाचा आदेश म्हणे बाजूला ठेवलाय. म्हणजे अजून लटकलंच की." मी कागद घेतला. मूळ शब्द होते 'सेट असाइड'. पैसे 'सेट असाइड' केले की ते राखून ठेवले, मतभेद केले की बाजूला ठेवले. पण कोर्टाने आदेश 'सेट असाइड' केला की तो रद्द केला, संपला. खालचा आदेश काकांच्या विरुद्ध होता, म्हणजे ते जिंकले होते आणि दोन तास सुतक पाळून बसले होते. मी सांगितल्यावरही त्यांचा विश्वास बसेना. वकिलाने रात्री फोन उचलला तेव्हा कुठे पेढ्यांची गोष्ट निघाली.

इथे भर्तृहरीची यादी पुन्हा आठवते. मोबाइलला 'असाइड' हा शेजारी दिसला, तो त्याने बरोबर धरला. त्याला कोर्ट दिसलं नाही. प्रकरण दिसलं नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते: हा शब्द मराठीत आला आणि इथे त्याने स्वतःचा संसार थाटला आहे. 'पोरगा बंगलोरला सेट झाला' हे इंग्रजी नाही, तिथे 'सेटल' लागतं. आपण शेपूट कापून वापरतो. 'त्याची वरपर्यंत सेटिंग आहे' यातली सेटिंग लंडनमध्ये कुणाला कळायची नाही, आणि कॉलेजच्या कट्ट्यावरचं 'सेटिंग' तर त्याहून वेगळं. 'सेट-टॉप बॉक्स'ची आणखी गंमत. टीव्ही सेटच्या डोक्यावर ठेवायचा म्हणून ते नाव; आता टीव्ही भिंतीवर चिकटलाय, डबा त्याच्या खाली फळीवर पडून असतो, नाव मात्र डोक्यावरचंच.

आणि बटणाचं काय झालं, तर तेही सांगून टाकते. 'संच' काढला. कागदावर 'लावणे' जिंकलं होतं म्हणून मी मोठ्या उत्साहाने 'वेळ लावा' असं लिहिलं. पाठवायच्या आधी मोठ्याने वाचलं म्हणून वाचले. 'वेळ लावा' म्हणजे उशीर करा! मायक्रोवेव्ह विकणाऱ्या कंपनीच्या बटणावर. मग 'वेळ ठरवा', 'वेळ निश्चित करा', 'वेळ निवडा' असं एकेक लिहून खोडलं. शेवटी आईला हाक मारली, आमच्याच मायक्रोवेव्हपाशी उभं केलं आणि विचारलं, "दोन मिनिटं गरम करायचंय, तर आधी काय करतेस?"

"वेळ सेट करते," ती म्हणाली. "का? बिघडला का?"

पॅनेलवर आता 'सेट करा' आहे.